नवा फिल्टर आणि पडणारा काटा

रविवारी सकाळी भाकऱ्या थापायला काठवट घ्यायला गेले, तर ती जागेवर नव्हती. अंगणात जीपखाली होती आणि तिच्यात काळंकुट्ट तेल ठिबकत होतं.

"अहो, ही काठवट आहे," मी म्हटलं.

"माहितीये," जीपखालून आवाज आला. "पातेलं आत जात नव्हतं. ही बसली बरोबर."

लाकडाची काठवट. सासूबाईंच्या सासूपासून चालत आलेली, तांदळाचं पीठ मळून मळून आतून गुळगुळीत झालेली. तेल तिच्यात असं मुरलं की चिंच लावली, राख लावली, उन्हात ठेवली, तरी पुढे जी भाकरी थापावी तिला गॅरेजचा वास. शेवटी ती गोठ्यात गेली आणि सासूबाई मुलाशी बोलेनाशा झाल्या. म्हणजे त्यांना जे बोलायचं ते माझ्यामार्फत. "तुझ्या नवऱ्याला सांग, जेवन झालंय." नवरा समोर पाटावर बसलेला असायचा.

ही आमच्या कामणच्या बाजूची, ऐंशीनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. जीप सासऱ्यांनी जुनी घेतली होती. भात, भाजी, पेंढा, कधी आजारी माणूस, कधी वऱ्हाड, सगळं तिच्यातून जायचं. सासरे स्वतः चालवायचे. ते गेले आणि जीप शेवग्याखाली उभी राहिली, कारण त्यांच्या मुलाला गाडी चालवता येत नव्हती. मला येत होती. माझे वडील ट्रकवर होते. मला भाऊ नाही, म्हणून की काय कोण जाणे, त्यांनी मला लग्नाआधीच मिठागराच्या मोकळ्या जागेत गाडी शिकवली होती. वर्षश्राद्धानंतर एक दिवस मी किल्ली मागितली. सासूबाईंनी कमरेची किल्ली काढून दिली आणि एवढंच म्हणाल्या, "पदर खोचून बस."

तेव्हापासून सकाळी शिराळी-काकड्यांच्या पाट्या वसईच्या बाजारात पोचवायच्या आणि परत येऊन दुपारच्या शाळेत शिकवायला जायचं, असा माझा दिवस होता. हे मुंबईत एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. यंत्रांची चित्रं काढायचे. सकाळी निघायचे ते दिवेलागणीला परत. पण रविवार आला की जीप त्यांची. चालवायची मी आणि उघडायची ह्यांनी, असा आमचा संसार.

एरवी मला त्याचं काही वाटायचं नाही. ह्यांच्या हातात कसब होतं, हे खोटं नाही. पंप, शिलाई मशीन, शेजाऱ्यांचा रेडिओ, सगळं सुरू करून द्यायचे. पण जीपचं तेल गाळायचं ते जुनं भांडं त्यांच्या डोळ्यांत सलायला लागलं, आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

जुना फिल्टर म्हणजे इंजिनाच्या कुशीला पट्ट्याने बांधलेला एक लोखंडी डबा होता. आत सुती गाळणी. ती काळी झाली की बदलायची. पण तशी गाळणी बाजारात मिळेनाशी झाली होती. ह्यांनी मुंबईतली जुन्या सुट्या भागांची दुकानं पालथी घातली. कुठे नाही. मग त्यांनी ठरवलं की नव्या गाड्यांना असतो तसा बाटलीच्या झाकणासारखा फिरवून बसवायचा फिल्टर आपल्या इंजिनाला लावायचा. तो कुठेही मिळतो. फक्त त्याला बसायला एक जाड चकती पाहिजे, मध्ये आटे पाडलेला खुंट, एक भोक तेल यायला, एक जायला.

"सोपं आहे," हे म्हणाले. "एका रविवारचं काम."

हे वाक्य मी सासरी आल्यापासून ऐकत होते.

चकतीचं चित्र मात्र देखणं काढलं होतं. वरून, खालून, बाजूने. माझ्या वर्गातल्या मुलांना दाखवावं असं. ते घेऊन वालीवला एका लेथवाल्याकडे गेले. चकती आली ती चुकीच्या आट्यांची, कारण जीपच्या नळ्या इंचांच्या हिशेबाच्या आणि नवा फिल्टर मिलिमीटरच्या. पुन्हा वालीव. पुन्हा चकती. मग ती बसवली, तर तेल गळायला लागलं. मग नळवाले लावतात तशी सुतळी आणि सफेदा लावला. गरम तेलाने सफेदा धुऊन नेला. मग कुठूनतरी रबराची कडी आणली. ती फुगली. जीप सोमवारी सुरू होईल की नाही याची खात्री नसायची आणि भाजी तर रविवार-सोमवार ओळखत नाही. दोनदा मला शेजाऱ्याची बैलगाडी मागावी लागली. एकदा तेलाचा फवारा माझ्या निऱ्यांवर उडाला, बदलायला वेळ नव्हता, तशीच शाळेत गेले. चौथीतल्या एका मुलीने सगळ्या वर्गाच्या वतीने विचारलं, "बाई, तुम्ही कुठे पडलात का?"

अखेर गळती थांबली. हे जीपभोवती दोन फेऱ्या मारून आले, हात पुसले (माझ्या उशीच्या अभ्र्याला) आणि म्हणाले, "बघ. आता कुठेही जा."

मी गेले. चिंचोटीच्या नाक्यापर्यंत सगळं ठीक. हायवे ओलांडून पुढे गोखिवऱ्याच्या बाजाराजवळ म्हशींनी रस्ता अडवला म्हणून थांबले आणि सहज समोरच्या तबकड्यांकडे पाहिलं. तेलाच्या दाबाचा काटा खाली चालला होता. हळूहळू, झोप आलेल्या माणसाने मान टाकावी तसा. अगदी तळाला टेकला. म्हशी गेल्या, मी गाडी पुढे काढली, काटा वर आला.

माझ्या वडिलांनी मला क्लचच्याही आधी एक गोष्ट शिकवली होती. पेट्रोल संपलं तर गाडी थांबते, तेल संपलं तर गाडी मरते. मी संध्याकाळी ह्यांना सांगितलं.

"काटा पडला म्हणजे?"

"म्हणजे पडला. खाली गेला."

"मी अंगणात इंजिन चालवून बघितलं तेव्हा नाही पडला."

"मग मी खोटं बोलतेय का?"

"तसं नाही गं. तबकडी जुनी आहे."

पुढच्या रविवारी तबकडी बदलली. सोमवारी नव्या तबकडीवरचा नवा काटा तितक्याच सुखाने खाली गेला. मी पुन्हा सांगितलं. ह्यांनी अंगणात इंजिन सुरू केलं, मला बाहेर बोलावलं, बोट दाखवलं. काटा वर, अगदी शहाण्यासारखा. "कुठे पडतोय?"

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी तेलाचा पंप उघडला. पंपात काही दोष सापडला नाही, पण तो जोडताना एक वायसर हरवला आणि ते शोधायला दोन दिवस गेले. सासूबाईंनी मला सांगितलं, "तुझ्या नवऱ्याला सांग, बा होता तवा गाडी चालायची." हे ऐकत होते. मला त्यांची कीव आली असती, पण माझ्या भाजीच्या पाट्या ओट्यावर सुकत होत्या.

मला राग जीपचा नव्हता. ह्यांचा मानस वाईट नव्हता हेही कळत होतं. राग याचा होता की मी रोज त्या सीटवर बसत होते, काटा माझ्या डोळ्यांसमोर पडत होता, आणि तरी घरी येऊन मला ते सिद्ध करावं लागत होतं. मी एकदा म्हटलंही, "सोबत चला एकदा, बघा." तर म्हणाले, "बघायला कशाला पाहिजे? ड्रॉइंग बरोबर आहे." ड्रॉइंग बरोबरच होतं. ते काही रेल्वे फाटकावर थांबत नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी सासूबाई विहिरीच्या काठावर शेवाळावरून घसरल्या. मी धावत गेले तर त्या बसलेल्या होत्या आणि उजवा हात मांडीवर असा ठेवला होता की जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. मनगटाच्या वर हाड वाकडं दिसत होतं. हे केव्हाच मुंबईला गेले होते. मी फळकुट आणि जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन हात बांधला, त्यांना उचलून जीपमध्ये पुढे बसवलं आणि निघाले. हाड जोडणारा डॉक्टर वसई गावात. म्हणजे रेल्वे फाटक ओलांडून पलीकडे.

ऊन असं की समोरचा रस्ता हलत होता. खड्डा आला की सासूबाई दात आवळायच्या, ओरडायच्या नाहीत. काटा मला दिसत होता. चालती गाडी होती तोवर अर्ध्यावर होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, फाटक उघडं असू दे.

फाटक बंद होतं.

पुढे एक ट्रक, दोन टांगे, मागे रिक्षा, मधे आम्ही. वळून जायला जागा नाही. काटा उतरायला लागला. इंजिन बंद करावं, तर बॅटरी आधीच मरायला टेकलेली. गरम इंजिन पुन्हा सुरू झालं नाही तर मोडका हात घेऊन बाई फाटकात अडकणार. चालू ठेवावं, तर आतलं सगळं घासून जाईल. मग माझ्या लक्षात आलं की इतके दिवस काटा पडतो तो फक्त थांबल्यावर. पळताना नाही. मी गियर काढला आणि एक्सिलरेटर दाबला. जीप जागच्या जागी डरकाळ्या फोडायला लागली. काटा वर आला. पाय सैल केला, काटा खाली. पुन्हा दाबला.

टांग्याचा घोडा बिथरला. टांगेवाला खाली उतरून शिव्या द्यायला लागला. फाटकावरचा माणूस हात हलवत आला. "ओ बाई! गाडी बंद करा! कुठे उडायचंय काय?"

"बंद होणार नाही," मी ओरडले.

"मग वाजवू नका!"

"वाजवल्याशिवाय चालणार नाही!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. सासूबाईंनी डोळे उघडले. घामाने चेहरा भिजलेला, ओठ पांढरे. "पोरी," त्या म्हणाल्या, "उभी हाय तरी वरडते कशाला ही?"

"तुमच्या मुलाने सुधारली म्हणून."

त्यांना हसू आलं. हसताना हात हलला आणि त्यांनी अशी किंकाळी फोडली की टांगेवाला गप्प झाला. फाटकवाल्याने आत डोकावून तो बांधलेला हात पाहिला आणि परत गेला. आगगाडी येऊन गेल्यावर त्याने आमची बाजू आधी उघडली आणि टांग्यांना कडेला घ्यायला लावलं. कोण माणूस होता, कोणास ठाऊक. मी हातही हलवला नाही, दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले होते.

डॉक्टरांनी हाड बसवलं, प्लास्टर घातलं. रात्रभर इथेच राहू दे म्हणाले. मी जवळच्या कारखान्याच्या फोनवरून ह्यांच्या कचेरीत निरोप ठेवला. संध्याकाळी हे थेट दवाखान्यात आले. आईजवळ बसले, तिच्या कपाळावरून हात फिरवला. तिने प्लास्टर दाखवलं आणि म्हणाली, "दुखतंय रे." बऱ्याच दिवसांनी ती त्यांच्याशी थेट बोलली होती. त्यांचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं.

मग आम्ही बाहेर ओसरीवर आलो आणि मी फाटकावरचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. थोडा विचार केला. आणि विचारलं, "काटा पूर्ण पडला होता, की साधारण खाली आला होता?"

माझा तोल गेला. दवाखान्याची ओसरी होती, बाकावर माणसं बसली होती, एक नर्स औषधं घेऊन चालली होती. मी आवाज चढवला नाही. पण जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं.

"उद्या तुम्ही कामावर जाणार नाही. उद्या तुम्ही माझ्या शेजारी बसाल. मी घरापासून इथपर्यंत गाडी आणीन आणि तुम्ही फक्त त्या काट्याकडे बघाल. रस्त्याकडे नाही, माझ्याकडे नाही. आणि नंतर मला सांगाल की तो पूर्ण पडतो की साधारण."

"उद्या मीटिंग..."

"तुमच्या आईचा हात मोडलाय. रजा मिळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यातच होते, म्हणून उलटा प्रवास केला. आधी सासूबाईंना तिथेच ठेवून घरापर्यंत, मग परत. हे शेजारी बसले. मांडीवर हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की ते गाडीत बसायला घाबरतात. समोरून ट्रक आला की ते पायाने तळ दाबायचे. ह्या माणसाने इंजिनाचा इंच न् इंच उघडला होता आणि ह्या जीपमध्ये बसून तो कधी वसईपर्यंत गेला नव्हता.

दवाखान्याकडे परतताना ऊन चढलं. इंजिन चांगलं तापलं. गोखिवऱ्याला मी मुद्दाम गाडी बाजूला घेतली आणि पाय उचलला. काटा निघाला. अर्ध्यावरून पाव, पावावरून खाली, आणि तळाला टेकला. इंजिनातून बारीक टकटक यायला लागली. ह्यांनी हात पुढे करून स्वतःच किल्ली फिरवून गाडी बंद केली.

तबकडीच्या काचेवर एकदा बोट टेकवलं. मग म्हणाले, "अंगणात मी इंजिन इतका वेळ कधी चालवलंच नाही."

"नाही."

"तेल तापून पातळ होईपर्यंत."

"नाही."

"तू रोज सांगत होतीस."

उत्तर देण्यासारखं खूप होतं, पण बॅटरीचं काय होणार याची चिंता होती. सुदैवाने उतार होता, ह्यांनी ढकललं, गाडी सुरू झाली.

सासूबाईंना घरी आणून झोपवलं. हे माळ्यावर चढले आणि जुना फिल्टरचा डबा खाली काढला. तो पायरीवर ठेवून आम्ही दोघं समोर बसलो. मी म्हटलं, "नव्यात काय आहे जे जुन्यात नव्हतं?" ते म्हणाले, "उलट विचार. जुन्यात काय होतं जे नव्यात नाही?" डब्याच्या मधोमध एक उभी नळी होती, गाळलेलं तेल तिच्यातून बाहेर जायचं. मी सवयीने, चुलीची फुंकणी फुंकतात तशी ती तोंडाला लावून फुंकली. गाल फुगले, पण वारा काही जाईना. मग नवी चकती जीपमधून सोडवून आणून फुंकली तर सरळ आरपार. ह्यांनी नळी उन्हाकडे धरली. आत एका ठिकाणी ती बंद होती आणि त्या बंद जागी एक बारीक भोक होतं. इतकं बारीक की इतकी वर्षं तिथे काजळ बसलंय असंच त्यांना वाटलं होतं.

ते भोकच सगळं काम करत होतं. पंपाने दाबलेल्या तेलातलं थोडंसंच फिल्टरकडे वळावं, बाकीचं इंजिनात फिरावं, म्हणून ती वाट मुद्दाम चिंचोळी ठेवलेली होती. ह्यांनी नव्या चकतीत वाट ऐसपैस केली. तेल तापून पातळ झालं आणि पंप सावकाश फिरायला लागला की सगळं तेल त्या मोठ्या वाटेने पळून खाली टाकीत जायचं. इंजिन कोरडं.

"ड्रॉइंगमध्ये नव्हतं हे," हे म्हणाले.

"तुम्ही काढलं नाही म्हणून नव्हतं."

त्यांनी तेव्हाच चकतीत येणारी पितळी नळी कथलाचा डाग देऊन बंद केली. तितक्या बारीक भोकासाठी त्यांच्याकडे हत्यार नव्हतं, म्हणून माझ्या शिलाई मशीनच्या सुया घेतल्या. न विचारता. हाताच्या ड्रिलमध्ये लावून पाच-सहा तोडल्या, आणि ऐन लग्नसराईत माझं मशीन बंद पडलं. पण भोक पडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा रजा टाकली आणि न सांगता येऊन शेजारी बसले. आम्ही वसईपर्यंत गेलो, फाटकावर थांबलो. मी पाय उचलला. काटा थोडा झुकला आणि तिथेच थांबला. आगगाडी गेली, फाटक उघडलं, मागचे भोंगे वाजवायला लागले, तरी हे काट्याकडेच बघत होते.

सासूबाईंचा हात जुळला, जरासा वाकडा. पुढे त्या मुलाशी सरळ बोलायला लागल्या, अगदी त्याने नकोसं म्हणावं इतकं. जीप नंतर बरीच वर्षं चालली.

मला वाटलं होतं, आता सुटले. पण झालं असं की हे आता माझं ऐकायला लागले. रोज संध्याकाळी, अजून चप्पल पायातच, प्रश्न. आज कुठे थांबलीस? किती वेळ? काटा कुठे होता? आवाज कसला? चढावर की उतारावर? मी भाकरी तव्यावर टाकलेली, वह्या तपासायच्या राहिलेल्या, आणि हे ओट्यावर पेन्सिल घेऊन बसलेले. मी म्हणायचे, "चांगली चालली." ते म्हणायचे, "चांगली म्हणजे नक्की कशी?" आणि भाकरी करपायची.